तिसरा हरभरा

३ जून, सोमवार

आज थिएटरनं मला दगा दिला. लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय, पण दुसरा शब्द सुचत नाही.

नगरपालिकेच्या वहीत मी एवढंच लिहिलं: 'पहिली चाचणी. आवाज पोचला नाही.' एकतीस वर्षांत त्या वहीत हे वाक्य कधी आलेलं नाही. सही केली आणि घरी येऊन ही दुसरी वही काढली. ही माझी खासगी. बायकोनं, कासिल्दानं, किराणाच्या यादीसाठी आणली होती. पहिल्या पानावर साबण आणि तमालपत्र लिहिलंय, असू दे.

घडलं ते असं. दर वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी सगळ्यात वरच्या ओळीत, डाव्या जिन्यालगतच्या माझ्या जागेवर जाऊन बसतो. खाली अर्धगोलात एक पांढरी फरशी आहे. तिच्याजवळ एक नट माझ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याला वाटेल तेव्हा, एकेक करून, तीन वाळके हरभरे तिच्यावर टाकतो. हरभरा पडला की मी रुमाल वर करायचा. तीन हरभरे, तीन वेळा रुमाल, की मग नाटकवाल्यांनी खुशाल तालमी सुरू कराव्यात. रोमन लोकांनी असं काही बांधून ठेवलंय की या थिएटरात आजवर मायक्रोफोन लागला नाही. माझ्याआधी म्हातारा एर्मोहेनेस हे काम करायचा. त्याच्यानंतर मी. गावात मला एउसेबियो कुणी म्हणत नाही, 'कान' म्हणतात. पोस्टमनसुद्धा.

आज दिग्दर्शक इनिगो स्वतः उभा राहिला. माद्रिदचा पोरगा, तिशी जेमतेम ओलांडलेली, गळ्यात सतत एक फडकं. मी कान लावून बसलो. बसलो, बसलो, आणि बसूनच राहिलो. शेवटी तो वळला आणि दोन्ही हात पसरून 'काय झालं?' असं खुणावलं. हरभरे टाकून झाले होते! तिन्ही! मी गुडघे धरत खाली उतरलो तर फरशीवर पडलेले दिसले.

पुन्हा टाकायला लावले. काही नाही. दगड मेलाय.

५ जून, बुधवार

कारण सापडलं. हिवाळ्यात दुरुस्ती झाली तेव्हा ओळींच्या सांध्यांत नवा चुना भरला आणि रंगमंचावर नवा लाकडी तक्ता टाकला. मी आयुष्यभर गवंडीकाम केलंय, मला शिकवू नका. नवं लाकूड आवाज पितं. नगराध्यक्षबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली.

आजकाल कॉफीची किटली रोज उतू जाते. पूर्वी गुरगुरली की मी उठायचो. नवं रबर बसवल्यापासून गुरगुरतच नाही. हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही.

८ जून, शनिवार

तक्ता काढला. चार सुतार, दोन दिवस. इनिगोचं तोंड एवढंसं झालं. सगळी नाचाची रचना त्या तक्त्यावर बसवली होती म्हणे. "डॉन एउसेबियो, खात्री आहे ना तुमची?" म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी या दगडाचं ऐकतोय."

पुन्हा हरभरे. पुन्हा शुकशुकाट.

मग इनिगो स्वतः वर येऊन माझ्या शेजारी बसला आणि खाली त्याच्या मदतनीस बाईला टाकायला सांगितलं. तो म्हणाला, "मला आला बहुतेक." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "म्हणजे," तो म्हणाला, "पडतोय हे दिसत होतं, म्हणून कदाचित आल्यासारखा वाटला असेल." बरोबर. नवशिक्यांचं असंच होतं.

करकोच्यांचंही काहीतरी बिनसलंय. मोठ्या खांबावर घरटं आहे, जोडी आलेली आहे, पिल्लंही आहेत, पण चोचींची ती खटखट यंदा अजिबात नाही. चुन्याची धूळ घशात गेली असणार. तरी इनिगो म्हणत होता, "दुसऱ्या अंकात हे करकोचे नकोसं करून सोडतात." मी म्हटलं, कुठे काय करतायत बिचारे? तो माझ्याकडे बघत राहिला. शहरातल्या माणसाला पक्षी नुसते बसलेलेही खपत नाहीत.

९ जून, रविवार

चौकातल्या बारमध्ये गेलो. सगळं गाव माझ्या बाजूनं. औषधवाला म्हणाला, "मला तर गेल्या वर्षीच शंका आली होती." पाववाला म्हणाला, "गेल्या वर्षी? अहो, दोन वर्षं झाली, वरच्या ओळीत मला एक शब्द कळत नाही." वर्षानुवर्षं समोरासमोर दुकानं असून यांचं कधी कशावर एकमत झालं नव्हतं, आज झालं. मला दोन ग्लास वाइन फुकट.

फक्त फुएनसांता फिसकन हसली. ही फाटकाशी बसायच्या उशा भाड्यानं देते. दगडावर दोन तास बसायचं तर उशी लागतेच. नाटक सुरू झालं की उरलेल्या उशा घेऊन वर येते आणि माझ्यापासून चार हातांवर बसते. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. म्हणाली, "अरे मेल्या, मला सगळं ऐकू येतं. गेल्या वर्षी शेवटच्या प्रवेशात तू पादलास तेही ऐकू आलं."

बार खो खो हसला. मी उठून आलो. उशा भाड्यानं देणाऱ्या बाईला दगडातलं काय कळतंय!

वाटेत लक्षात आलं की रविवार असून देवळाची घंटा झाली नाही. पाद्रीबुवा आजारी असावेत. मग चौकात भेटले, चांगले ठणठणीत होते. काही कळत नाही.

११ जून, मंगळवार

कासिल्दाचं काय बिघडलंय? चाळीस वर्षं ती चुलीशी पाठ करून माझ्याशी बोलली. भांडलीसुद्धा पाठ करूनच. आता प्रत्येक वेळी येते, खांद्याला हात लावते, समोर उभी राहते आणि मग म्हणते, "मीठ हवंय का?" मीठ हवंय हे सांगायला एवढा सोहळा कशाला? विचारलं तर डोळे पुसत आत गेली. कांदा चिरत होती म्हणे. कांदा कुठे दिसला नाही.

आज एक विचार मनात येऊन गेला. तो इथे लिहीत नाही.

१४ जून, शुक्रवार

लेओकादिया आली! आमच्याकडचा तिचा हा नववा उन्हाळा. सत्तरीची बाई, अजूनही ताठ. यंदा तिची मुख्य भूमिका आहे. विनोदी नाटक, इनिगोनंच लिहिलेलं. एका म्हाताऱ्या विधवेला तिचे भाऊ जबरदस्तीनं बोहल्यावर चढवतात आणि ती लग्नाच्या दिवशी एकेकाची खोड मोडते. मी प्रत वाचलीय, जागोजागी हसू येतं.

तिनं मला बघितलं आणि दोन्ही हात धरले. "एउसेबियो, दगड मेला म्हणे?" मी सगळं सांगितलं. चुना, तक्ता, करकोचे. ती ऐकत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी टाकते हरभरे. पण पाठ करून नाही, तुमच्याकडे तोंड करून टाकेन. मला कमरेतून वळवत नाही." रिवाज मोडतो, पण बाईमाणूस, वय झालेलं. मी म्हटलं, चालेल.

आणि काय सांगू! पहिला हरभरा तिनं हात उंचावून सोडला आणि मला टक्क ऐकू आला. रुमाल! दुसरा, टक्क. रुमाल! तिसरा तर सगळ्यात स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दगड जिवंत होता!

पण खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिसऱ्या हरभऱ्यानंतर लेओकादिया मूठ मिटून तशीच उभी राहिली. बराच वेळ माझ्याकडे बघत. मग ती मूठ तिनं स्कर्टच्या खिशात घातली आणि इनिगोला म्हणाली की ती दमलीय.

खाली जाऊन फरशी बघितली. दोनच हरभरे होते. तिसरा घरंगळून गटारात गेला असेल.

१५ जून, शनिवार

कालचा आनंद आज पार धुऊन निघाला. इनिगोच्या मदतनीस बाईनं नेहमीसारखं पाठ करून टाकले. काही नाही. म्हणजे दगड एका दिवशी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी मुका. वारा असेल? उन्हानं तापल्यावर फरक पडत असेल? मी एर्मोहेनेसच्या काळातल्या वह्या काढून बसलो. त्यात असं कधीच नाही. रात्रभर डोक्यात नुसता गुंता.

१८ जून, मंगळवार

नगरपालिकेची बैठक झाली आणि माझ्यावर आभाळ कोसळलं.

नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "कानानं लेखी दिलंय की आवाज पोचत नाही. नाटक दहा दिवसांवर आलंय. मायक्रोफोन लावू या." सगळ्यांनी हात वर केले. इनिगोनं तर दोन्ही. त्याला पहिल्यापासून संगीत मोठ्यानं वाजवायचं होतं. एकदा खांबांवर तारा चढल्या की कोण काढतंय? पुढच्या वर्षी कर्णे येतील. हरभऱ्याची वही कपाटात जाईल.

मी ओरडलो, "मी जिवंत असेपर्यंत नाही!" तर बाई शांतपणे म्हणाल्या, "पण सांगितलं तुम्हीच ना?"

सांगितलं मीच. गावानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी तिथे बसून झाडच तोडलं. एर्मोहेनेसनं मरताना माझा कान धरून सांगितलं होतं, "इथे तार येऊ देऊ नकोस." तार मीच आणतोय.

१९ जून, बुधवार

लेओकादिया घरी आली. स्वयंपाकघरात कासिल्दाशी बोलत बसली होती. मी आत गेल्यावर दोघी एकदम गप्प झाल्या. मला संशय आला, पण कसला ते कळेना.

मी म्हटलं, "तुम्ही तरी मायक्रोफोन लावू नका." ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि सावकाश म्हणाली, "एउसेबियो, शुक्रवारी गावासाठी रंगीत तालीम आहे. त्यात मी काही लावणार नाही. कुजबुजायचं तिथे खरंच कुजबुजेन, आवाज चढवणार नाही. तुम्ही तुमच्या जागेवर बसा. संपल्यावर तुम्ही म्हणाल ते मी मानेन. तुम्ही म्हणालात लावा, तर लावीन."

"मी काय म्हणू?"

"जे खरं असेल ते."

जाताना तिनं खिशातून एक हरभरा काढून टेबलावर ठेवला. "हा तुमचा," म्हणाली. आता खिशात हरभरे घेऊन कोण फिरतं? नटमंडळी सगळी सटक असतात. कासिल्दा तो आमटीत टाकायला निघाली होती, मग तिनं काय वाटून तो कपाटावरच्या वाटीत ठेवला.

२२ जून, शनिवार

काल रंगीत तालीम झाली. आज दुपारपर्यंत मी अंथरुणातून उठलो नाही. आता लिहितोय. जसं झालं तसं.

रात्री नऊला सुरू झालं, पण जूनमध्ये आमच्याकडे तेव्हाही ऊन खांबांच्या टोकांवर असतं. गाव झाडून आलेलं. वरच्या ओळीत माझी मुद्दाम सोबत करायला औषधवाला आणि पाववाला बसले होते, पलीकडे फुएनसांता उशांच्या ढिगाला टेकून. भावांची कामं करणारे नट घसा फोडून बोलत होते, ते मला बरंचसं आलं. मला बरं वाटलं. मग लेओकादिया आली आणि तिचे ओठ हलू लागले.

नुसते ओठ. मी पुढे वाकलो, हात कानामागे लावला. काही नाही. मनात म्हटलं, दगड मेलाय ते मेलाय.

दुसऱ्या अंकात एक जागा आहे. विधवा दासीला जवळ ओढते आणि नवऱ्यामुलाबद्दल काहीतरी तिच्या कानात सांगते. प्रतीत कंसात लिहिलंय, 'कुजबुजते'. लेओकादियानं दासीला जवळ ओढलं, तोंडावर हात धरला. आणि त्याच क्षणी फुएनसांता अशी हसली की तिच्या मागच्या उशा कोसळल्या.

मी तिच्याकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला. पाववाला पोट धरून हसत होता. औषधवाला चष्मा काढून डोळे पुसत होता. एक शब्द कळत नाही म्हणणारे ते दोघं! सगळी वरची ओळ हसत होती. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हसत नव्हतो. पाववाल्यानं हसू गिळलं, औषधवाल्याला कोपर मारलं, आणि दोघं एकदम गंभीर चेहऱ्यानं समोर बघायला लागले. कानाला ऐकू आलं नाही म्हणजे आपल्यालाही आलेलं नसणार! एवढा विश्वास. मला भडभडून आलं.

मग लेओकादिया बोलता बोलता थांबली आणि वर खांबाकडे बघत उभी राहिली. खालचे सगळे लोकही वळून वर बघू लागले, हसू लागले. मीही बघितलं. मोठ्या खांबावर करकोचा मान पाठीवर टाकून उभा होता आणि त्याची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती, जोरजोरात. मी जन्मल्यापासून तो आवाज ऐकत आलोय. अख्खं थिएटर तो आवाज थांबायची वाट बघत होतं. माझ्यापर्यंत काहीसुद्धा आलं नाही.

तेव्हा कळलं. किटली, घंटा, कासिल्दाचा खांद्यावरचा हात, सगळं एकदम अंगावर आलं. आणि वाटीतला तो हरभरा. तिसरा हरभरा पडलाच नव्हता. तो तिच्या मुठीत होता. पहिले दोनही मी ऐकले नव्हते, सुटताना बघितले होते.

लाज वाटली. इतकी की उठून मागच्या जिन्यानं पळून जावं असं वाटलं. कुणाला कळलं नसतं. दगड मेला, मायक्रोफोन आले, कान मात्र शाबूत, असं गावानं मानलं असतं. मी तसं करणार होतो, हे इथे लिहून ठेवतो. जिन्याची पहिली पायरी उतरलोही होतो. पण हाताखाली भिंतीचा दगड आला. दिवसभराच्या उन्हानं गरम होता. तीन आठवडे मी त्याच्या नावानं बोंब मारली होती आणि बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. परत येऊन बसलो.

संपल्यावर सगळं गाव माझ्याकडे वळलं. नगराध्यक्षबाई खालून काहीतरी म्हणाल्या, काय ते विचारायची गरज नव्हती. मी उभा राहिलो आणि रुमाल वर केला. मी म्हणालो, "आवाज पोचतो. कुजबूजसुद्धा पोचते. पाववाल्याला विचारा, तो हसत होता. दगडाला काही झालेलं नाही. माझे कान गेलेत. मला लेओकादियाबाईंचा एक शब्द आला नाही. वहीत लिहिलंय ते खोडा. तारा लावू नका."

किती मोठ्यानं बोललो कुणास ठाऊक. फुएनसांता नंतर म्हणाली, बस स्टँडपर्यंत गेलं असेल.

पाववाला रडायला लागला. इनिगोनं गळ्यातलं फडकं काढून खिशात कोंबलं. कासिल्दा खालच्या ओळीतून एकेक पायरी चढत वर आली, पंचेचाळीस पायऱ्या, धापा टाकत, आणि माझ्या खांद्याला हात लावून समोर उभी राहिली. म्हणाली, "घरी चल." तेवढं मला ओठांवरून कळलं.

२५ जून, मंगळवार

मोठ्या गावी जाऊन डॉक्टरला दाखवलं. बारीक आवाज आधी जातात म्हणे. बायकांचे, पक्ष्यांचे. यंत्र मिळेल, पण हरभरा ऐकू येईल का विचारलं तर डॉक्टरनं "कसला हरभरा?" म्हणून विचारलं. सांगत बसलो नाही.

तक्ता परत बसवतायत. सुतारांनी मला बघून तोंडं फिरवली. हसत असावेत. हसू देत.

२८ जून, शुक्रवार

आज पहिला प्रयोग. सकाळी चाचणी नव्यानं घ्यायची ठरलं, कारण वहीत नुसती खाडाखोड ठेवून कसं चालेल? वर कोण बसणार यावर औषधवाला आणि पाववाला पुढे झाले. मी म्हटलं, "तुम्ही दोघं बाजूला व्हा, तुम्ही माझं तोंड बघून ऐकता." मग फुएनसांताला पाठवलं. "मला उशा लावायच्यात," म्हणून कुरकुरत वर गेली. रुमाल नव्हता तिच्याकडे, लाल उशी घेऊन बसली.

आणि हरभरे मी टाकले. एकतीस वर्षांत मी त्या पांढऱ्या फरशीपाशी कधी उभा राहिलो नव्हतो. वरच्या ओळींकडे पाठ केली. समोर लेओकादिया, इनिगो, कासिल्दा. पहिला टाकला. लेओकादियानं माझ्या डोक्यावरून वर बघितलं आणि मान डोलावली. दुसरा. पुन्हा मान डोलावली.

तिसरा म्हणजे वाटीतला तो. मी तो बराच वेळ मुठीत धरून ठेवला. फुएनसांताला फसवून बघायला नव्हे. सोडवत नव्हता. मग हात न हलवता, अगदी पायाजवळ, हळूच सोडला. पडताना दिसला. मला काहीही ऐकू आलं नाही.

यावेळी मी लेओकादियाकडे न बघता स्वतःच वळलो. वर, एवढ्या उंचावर, लाल उशी हवेत होती. फुएनसांता उभी राहून काहीतरी ओरडत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

लेओकादिया माझ्यासमोर आली, हसू आवरत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हणते, 'तिन्ही आले. आणि त्या बहिऱ्याला सांगा, शेवटच्या हरभऱ्याआधी केवढा उसासा टाकलास, तोही आला.'"

मी नगरपालिकेच्या वहीत लिहिलं, 'चाचणी. आवाज पोचला.' खाली सहीसाठी जागा सोडली आणि वही घेऊन पायऱ्या चढायला लागलो.